चवीपुरता पुदिना

आमच्या घरी पुदिन्याच्या चटणीवर गेली एकेचाळीस वर्षे अव्याहत टीका चालू आहे. टीकाकार मी एकटाच. नाटकाचे परीक्षण लिहिणाऱ्याला निदान थिएटरपर्यंत तरी जावे लागते. माझ्याकडे कलाकृती स्वतः वाटीत बसून चालत येते. मी बोटाने चटणी चाटतो, क्षणभर डोळे मिटतो (डोळे मिटल्याने अभिप्रायाला वजन येते) आणि म्हणतो, "छान झालीय. पण आईची चटणी..."

पुढचे वाक्य मी कधीच पुरे करत नाही. चांगल्या टीकेत काही गोष्टी नुसत्या सूचित ठेवायच्या असतात. आमच्या हिला त्या पहिल्या वर्षीच सूचित झाल्या होत्या, तरीही मी दर उन्हाळ्यात नेमाने त्या सूचित करत आलो.

यंदा मला एक पाठिंबा मिळाला. नातू सुट्टीला आला होता. त्याने चटणी जिभेला लावली आणि जाहीर केले, "आजोबा, याला टूथपेस्टचा वास येतोय!" घराण्यात टीकेची परंपरा उतरली म्हणून मी कौतुकाने हसलो. तेवढ्यात हिने हातातला डाव पातेल्यात ठेवला. आवाज काही फार झाला नाही, पण एकेचाळीस वर्षांच्या सवयीने मला तो बरोबर ऐकू आला.

"उद्या चटणी तुम्ही करा," ही म्हणाली. "सासूबाईंसारखी. नातवालाही कळू दे काय ते."

टीकाकाराला 'मग तुम्हीच लिहून दाखवा' म्हणणे हा साहित्यात असंस्कृतपणा समजतात. स्वयंपाकघरात तसा काही संकेत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन मी मंडईत उभा होतो.

आता मंडईतच पहिला धडा मिळाला, तो सांगतो. पालेभाजीवाल्या मावशींकडून तुम्ही पाव किलो मिरच्या घ्या, त्या वर कढीपत्त्याची काडी टाकतात. मन प्रसन्न असले तर चार काड्या कोथिंबीरही टाकतात. पुदिना मात्र मागून बघा. "त्याचे वेगळे पैसे, काका." कोथिंबीर ही घरातली लेक, पुदिना हा पाहुणा, असा हा हिशेब आहे. आणि तो नावातही दिसतो. कोथिंबिरीचे मूळ संस्कृत कुस्तुंबरीत सापडते. पुदिना हा शब्द फारसीतून आलेला. इतकी शतके झाली, पण मराठी स्वयंपाकघरात तो अजून बैठकीच्या खोलीतच बसलेला आहे. आमटीवर कोथिंबीर, पोह्यांवर कोथिंबीर, भाजीवर, कोशिंबिरीवर, वडीत तर ती सगळी. पुदिन्याला बोलावणे जाते ते भेळ, पाणीपुरी, सँडविच नाहीतर बिर्याणीच्या दिवशी; म्हणजे घरात बसून बाहेरचे खायचे ठरले की. (पाणीपुरीवाल्याकडेही मी आपले चिंचेचे गोड पाणीच मागतो. तिखट सोसत नाही असे कारण सांगतो.)

जुडी घेऊन घरी आलो आणि कपाटातली पाककृतींची पुस्तके, मासिकांतली कात्रणे, हिच्या वहीतली पाने, सगळे टेबलावर मांडून बसलो. टीकाकाराने आधी संदर्भ बघावेत. बघितले, आणि पुदिन्याच्या बाबतीत हे सगळे वाङ्मय किती बेजबाबदार आहे ते लक्षात आले. एके ठिकाणी 'थोडा पुदिना', दुसऱ्या ठिकाणी 'चार-पाच पाने', तिसऱ्या ठिकाणी 'आवडीप्रमाणे', आणि एका कात्रणात तर चक्क 'चवीपुरता'. चवीपुरते मीठ मी समजू शकतो. मिठाची चव सगळ्यांना ठाऊक असते आणि कमी पडले तर ताटात वाढता येते. ज्याला पुदिन्याची चव जुळवायची आहे त्यालाच 'चवीपुरता' सांगणे म्हणजे पत्ता विचारणाऱ्याला 'घरापर्यंत जा' सांगण्यासारखे झाले.

त्यातल्या त्यात शिस्तीचे लेखन 'एक वाटी पुदिना' म्हणते. वाटी-चमच्याचे माप कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने १९७० पासून मराठी घराघरांत रुजवले, आणि त्याबद्दल माझ्यासारख्याने त्यांच्या ऋणातच राहावे. पण वाटीत तांदूळ भरले की ते वाटीभरच असतात. पुदिन्याचे तसे नाही. पाने अलगद टाका, वीस-पंचवीसात वाटी भरते. अंगठ्याने दाबा, आणखी तेवढीच मावतात. रागाने दाबा, अर्धी जुडी आत जाते. म्हणजे माप वाटीचे नसून अंगठ्याचे झाले. जुडी किती मोठी ते मंडईवर अवलंबून, वाटी किती मोठी ते लग्नात कोणी काय आहेर केला त्यावर, आणि पाने किती ते त्या दिवशीच्या मनःस्थितीवर. अशा पायावर कुठले शास्त्र उभे राहणार?

पण या वाङ्मयाविरुद्धची माझी खरी तक्रार वेगळी आहे, आणि ती एका शब्दाबद्दल आहे. सगळीकडे लिहिलेले असते, 'पुदिना निवडून, धुऊन घ्यावा.' हे 'निवडून' जे आहे, त्याला व्याकरणात पूर्वकालवाचक धातुसाधित म्हणतात. स्वयंपाकघरात त्याला पाऊण तास म्हणतात. कोथिंबिरीचे कोवळे देठ पानांबरोबर खुशाल वाटता येतात. किंबहुना चव देठातच जास्त. पुदिन्याची काडी जून झाली की चिवट आणि कडवट. त्यामुळे पान न् पान खुडावे लागते. त्यातली पिवळी काढायची, भोकाची काढायची, काळी पडलेली काढायची. शिवाय ही वनस्पती जमिनीलगत पसरणारी. पानाच्या मागच्या लवेत माती बसते ती एका पाण्याने जात नाही. तीन पाणी लागतात, आणि तिसऱ्या पाण्याच्या तळाशीही बारीक वाळू दिसते. मी पाऊण तास निवडले, धुतले, आणि जे काही हाताला लागले ते पाहून मला वाटले, मांजराने पळवले असावे. पुस्तकात वर लिहिले होते, 'लागणारा वेळ : दहा मिनिटे.' हे दहा मिनिटांचे हिशेब करणाऱ्यांच्या घरी पुदिना दुसरेच कोणीतरी निवडत असणार. माझ्याही घरी एकेचाळीस वर्षे तसेच होते म्हणा.

पहिली चटणी काळी झाली. काळपट नव्हे, काळी. मी सगळे जिन्नस एकदम मिक्सरमध्ये घालून चांगले पाच मिनिटे फिरवले होते, कारण आईची चटणी कशी मऊसूत असायची! वर दहीही त्यातच घातले, ते पाणी होऊन गेले. नातवाने वाटीत बघितले आणि या खेपेला काहीच अभिप्राय दिला नाही. ते जास्त लागले.

मग मी विषयात शिरलो. निवृत्त माणूस विषयात शिरला की घरच्यांचे काही खरे नसते, पण जे कळले ते उपयोगाचे आहे. पुदिन्याचे पान चिरडले की त्याच्या पेशी फुटतात, आतले विकर बाहेरच्या हवेला भेटते आणि पान काळे पडायला लागते. कापलेले वांगे किंवा सफरचंद काळे पडते तोच हा प्रकार. मिक्सर जितका वेळ फिरवावा तितका तो गरम होतो आणि हवाही तितकी आत कालवली जाते. म्हणून पाणी बर्फाचे घ्यायचे, लिंबू सुरुवातीलाच पिळायचे (आंबटाने हा काळेपणा रेंगाळतो) आणि मिक्सर थांबत थांबत, थोडाच फिरवायचा. दही नंतर, हाताने कालवायचे. चटणीला पाणी सुटत असेल तर चमचाभर पंढरपुरी डाळं. कडवटपणा जाणवला तर चिमूटभर साखर. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, एक भाग पुदिना असेल तर कोथिंबीर दोन भाग. नुसत्या पुदिन्याची चटणी ही नुसत्या तबल्याच्या मैफलीसारखी असते. जाणकार माना डोलावतात, बाकीचे घड्याळ बघतात.

हे सगळे मी जेवताना हिला समजावून सांगितले. ही म्हणाली, "हो का?" आणि आमटी वाढली. फ्रिजमधला बर्फाचा ट्रे गेली कित्येक वर्षे पुदिना आणला की भरलेला का असतो, हा प्रश्न तोवर मला पडला नव्हता.

टूथपेस्टचा छडाही लावला. नातू चुकला होता, पण फारसा नाही. टूथपेस्टमधला गारवा मेंथॉलचा. तो ज्या पुदिन्यातून काढतात त्याची उत्तर प्रदेशात बाराबंकीच्या बाजूला शेतेच्या शेते आहेत. आपल्या मंडईत बहुधा मिळतो तो स्पिअरमिंट. त्यात मेंथॉल नावालाच आणि कार्व्होन नावाचे द्रव्य भरपूर, ओळखीचा वास त्याचा. आता गंमत ऐका. याच कार्व्होनचा रेणू आरशात बघितल्यासारखा उलटा केला, डाव्या हाताचा उजवा केल्यासारखा, तर पुदिन्याचा वास जातो आणि बाळंतशेपांचा येतो. म्हणजे बाळंतिणीच्या मुखशुद्धीतला वास आणि भेळेच्या चटणीतला वास ही एकमेकांची प्रतिबिंबे आहेत.

मेंथॉलची करामत तर त्याहून अजब. ते तोंड गार करतच नाही. थंडी कळवणारी जी यंत्रणा आपल्या मज्जातंतूंवर असते, तिलाच ते हाताशी धरते आणि 'गार, गार' अशी खोटी वर्दी मेंदूला पाठवते. ही यंत्रणा २००२ मध्ये सापडली आणि ती शोधणाऱ्यांपैकी डेव्हिड ज्यूलियस आणि आर्डेम पॅटापुटियन या दोघांना स्पर्श आणि उष्णता-थंडीच्या जाणिवेवरच्या कामासाठी २०२१ चे नोबेल मिळाले. आमच्या लहानपणी वाड्यात याचा प्रयोग दर उन्हाळ्यात व्हायचा. कापूर, ओव्याचे फूल आणि पुदिन्याचे फूल, म्हणजे हेच मेंथॉल, तिन्ही कोरडे खडे एका बाटलीत घालायचे. पाण्याचा थेंब न घालता ते आपोआप पातळ होतात. ही अमृतधारा. पोट दुखले की बत्ताशावर दोन थेंब. मला एकदा कोणाच्या तरी सढळ हाताने दोनाऐवजी किती पडले देव जाणे, पुढचे दोन दिवस मी पाणी पितानाही रडत होतो असे सांगतात. ते असो.

वास उडून जाणारा आहे, हे एकदा ध्यानात घेतले की पुदिना कुठे घालावा आणि कुठे घालू नये याचा निवाडा सोपा होतो, आणि इथे मी टीकाकाराच्या अधिकाराने काही मते नोंदवणार आहे. रश्श्यात फोडणीबरोबर पुदिना घालून अर्धा तास उकळणाऱ्यांना रश्श्यात पालक घातल्याचे पुण्य मिळते, जास्त काही नाही. बिर्याणीत तो शोभतो, कारण तिथे तो भाताच्या थरांत असतो आणि झाकणाला कणीक लावून वास कोंडलेला असतो. ताकात तो उत्तम, पण पाने चिरून नव्हे. मिठाबरोबर बोटांनी चुरडून. कैरीबरोबर तर त्याचे फारच जमते, चटणीत काय आणि पन्ह्यात काय. पोह्यांवर मात्र कोथिंबिरीच्या ऐवजी पुदिना भुरभुरू नका. कोथिंबिरीचे पान घासात विरघळते; पुदिन्याचे खरखरीत, लवेचे पान दाताखाली आले की पोहे संपले, पुदिना उरला. हॉटेलात आइस्क्रीमच्या डोक्यावर पुदिन्याचे एक शेंडूक खोचून देतात, ते मी आजवर कोणालाही खाताना पाहिलेले नाही. प्रत्येक जण ते उचलून बशीच्या कडेला ठेवतो आणि मग खायला सुरुवात करतो. इंग्रज लोक भाजलेल्या मेंढीच्या मांसाबरोबर पुदिना, व्हिनेगर आणि साखर यांचा पातळ सॉस घेतात. तिथे राहणारा माझा भाचा म्हणतो, बरा लागतो. तो तिथे राहतो, त्याला म्हणावेच लागणार.

उरलेल्या जुडीचे काय करायचे हा प्रश्न होताच. पाककृतीला लागतात मूठभर पाने, जुडी येते हातभर, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून फ्रिजमध्ये ठेवली की चार दिवसांत तिचा काळा चिखल होतो. ओला पुदिना कोंडायचा नसतो. धुवायच्या आधी, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवला तर आठवडा निघतो. नाहीतर काड्या फुलांसारख्या पेल्यात पाणी घालून उभ्या करायच्या. त्याच पेल्यात काड्यांच्या पेरांना पांढरी मुळे फुटतात, मग त्या कुंडीत खोचल्या की झाले. फक्त कुंडी वेगळी हवी. पुदिना जमिनीखालून धावरे सोडतो आणि शेजारच्या तुळशीच्या कुंडीपर्यंत कधी पोचला ते कळत नाही. आमच्या वाड्यात नळाच्या गळत्या पाण्यावर आईने डालड्याच्या डब्यात लावला होता; दोन उन्हाळ्यांत तो डब्यातून उतरून मोरीच्या कडेने थेट पलीकडच्या बिऱ्हाडात राहायला गेला.

आणि एवढे सगळे कळूनसुद्धा चटणी आईसारखी होईना.

हिरवीगार होत होती, कडू नव्हती, पाणी सुटत नव्हते. नातू दोनदा मागून घेऊ लागला होता. पण मी डोळे मिटले की ती आईची नव्हती. मी वही घातली. पहिल्या दिवशी पुदिना एक वाटी (मध्यम दाबलेली). दुसऱ्या दिवशी पाऊण. थोडी जवळ आल्यासारखी वाटली. तिसऱ्या दिवशी अर्धी, आणखी जवळ. पाचव्या दिवशी आठ पाने. सहाव्या दिवशी चार. वहीत मी लिहिले आहे, 'दिशा बरोबर आहे. आईचा हात फार हलका असला पाहिजे.' त्या वेळी त्या पुस्तकवाल्यांचीही मनोमन क्षमा मागितली. 'चार-पाच पाने' म्हणण्यात काहीतरी परंपरा होती तर.

आठव्या दिवशी पुदिनाच नव्हता. काड्या कुंडीत, आणि मंडईत जायला उशीर झालेला. पण प्रयोगात खंड नको म्हणून मी कोथिंबीर, कैरी, मिरच्या, जिरे, जरासे ओले खोबरे, मीठ आणि गुळाचा खडा एवढ्यावरच चटणी वाटली. बोट लावले. डोळे मिटले. आणि नळाचा आवाज, वाड्यातली दुपार, आईच्या बांगड्या, सगळे एकदम आले.

मी वाटी घेऊन धावत बाहेरच्या खोलीत गेलो. "हीच! अगदी हीच! आणि पुदिना नसताना! आता यात योग्य त्या मापाने पुदिना पडला की..."

ही वर्तमानपत्र वाचत होती. तिने चश्मा काढला.

"पुदिना नसतोच त्यात," ती म्हणाली.

"कशात?"

"तुमच्या आईंच्या चटणीत. मला लग्नाच्या पहिल्या उन्हाळ्यात सांगितलं त्यांनी. त्या अमृतधारेनंतर तुम्हाला पुदिन्याचा वास सोसायचा नाही, ताट सरकवायचात. पण वाड्यातली पोरं पुदिन्याची चटणी खायची, मग तुम्हालाही तीच हवी, नाहीतर रडारड. म्हणून त्या नुसती कोथिंबीर वाटायच्या आणि पुदिन्याची म्हणून वाढायच्या. मला म्हणाल्या, तूही तशीच करत जा, त्याला कळायचं नाही."

मी वाटी खाली ठेवली. पुष्कळ वेळाने विचारले, "मग तू का नाही तशी केलीस?"

"मला आवडतो पुदिना," ही म्हणाली. "आमच्याकडे माहेरी नेहमी असायचा. बाकी सगळं तुमच्या घरच्या चवीनं करायला शिकले. म्हटलं, एक वाटी आपल्या चवीची असू दे." मग चश्मा लावून पुन्हा वर्तमानपत्रात बघत म्हणाली, "तुम्ही रोज नावं ठेवायचात, पण संपवायचातही. त्यामुळे काही अडलं नाही."

हल्ली आमच्या टेबलावर दोन वाट्या असतात. नातू परत गेला, पण जाताना त्याने आजीच्या वाटीच्या बाजूने मत दिले. कुंडीतला पुदिना चांगला पसरला आहे. तो खुडणे, निवडणे आणि तीन पाण्यांतून काढणे ही कामे माझ्याकडे आली आहेत आणि अभिप्राय हिच्याकडे गेला आहे. काल तिने बोटाने चटणी चाटली, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाली, "छान झालीय. पण दाताखाली जरा वाळू येतेय."